तुम्ही विचारलंत म्हणून: जखम भरली, मग हा असा का वागतो?

डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की महिन्याभरात घरचे हमखास विचारतात, "टाके सुकले, चालतो-बोलतो, सीटी स्कॅनही बरा आलाय. मग दिवसभर नुसता बसून का असतो? मुद्दाम करतो का?"

मुद्दाम करत नाही. गाडी आदळते तेव्हा मेंदू कवटीत हिसका खातो. आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, आणि ही इजा सीटी स्कॅनवर बऱ्याचदा दिसतच नाही. कपाळामागचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतो. काम सुरू करणं, पुढचं ठरवणं, राग आवरणं हे बरंचसं त्याच भागाकडे असतं. म्हणून ताट समोर असतं, भूकही असते, तरी हात पुढे होत नाही. "जेव आता" म्हणत चमचा हातात दिला की तो जेवतो. त्याला आळशी म्हणू नका, सुरुवात करून द्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो. मध्येच दुसरा प्रश्न टाकलात की पहिलाही हरवतो.

पाहुण्यांचं "ओळख पाहू, मी कोण?" आधी बंद करा. ही परीक्षा नुसती क्रूर नाही, ती नुकसानही करते. आपण चुकलो तर चुकल्याचं आपल्या लक्षात राहतं. याच्या लक्षात ते राहत नाही, पण तोंडून गेलेलं चुकीचं उत्तर मात्र बसतं. ब्रिटनमधल्या ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली स्मृती गेलेल्या रुग्णांबरोबर हेच दाखवलं: अंदाज करू न देता आधीच बरोबर उत्तर दिलं, तर ते जास्त चांगलं शिकतात. तेव्हा पाहुण्यानं दारातच सांगावं, "मी मामा, नाशिकहून आलोय."

चहा करायला शिकवतानाही हेच. सुरुवातीला सगळं तुम्ही करा, गाळणं फक्त त्याच्याकडे द्या. ते सलग काही दिवस न चुकता जमलं की दूध घालणं आणि गाळणं. मग साखर. असं शेवटाकडून सुरुवातीकडे या, म्हणजे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं. साखरेचा नि चहाचा डबा रोज त्याच जागी हवा. कुणी ओटा आवरून डबे हलवले की शिकलेलं कोलमडतं. आणि एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते: डोक्याच्या मारानंतर अनेकदा वास येणं जातं. गॅस गळतोय, दूध नासलंय हे त्याला कळणार नाही. गॅसगळतीचा अलार्म लावा, किंवा आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी वापरू द्या.

वही एकच ठेवा, दोरीनं एकाच जागी बांधलेली. दिवसाला एक पान: वेळ, काम, झाल्याची खूण. खूण त्यानंच करायची. वही फसते ती दोन कारणांनी. आठवड्यानंतर घरचे ती उघडायची आठवण करत नाहीत, किंवा तिच्यात त्याच्या तक्रारी लिहू लागतात.

थकवा हा खरा थकवा आहे. अवघड काम सकाळी, साधारण वीस मिनिटं, मग अंधारात शांत पडणं. टीव्ही, कुकरची शिट्टी आणि तिघांचं बोलणं एकदम सुरू असेल तर रागाचा भडका तिथेच उडतो. वाद घालू नका, आवाज कमी करा.

घराबाहेर पडल्याशिवाय माणूस माणसांत परत येत नाही, म्हणून शेजाऱ्यांना सामील करून घ्या. किराणावाल्याला सांगा: हा यादी घेऊन येईल, यादीबाहेरचं आणि उधारीवर काही देऊ नका. खिशात शंभर-दोनशे रुपये. यूपीआय कमी शिलकीच्या वेगळ्या खात्याला जोडा. दारू नाही, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत गाडीही नाही. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

कागदपत्रांकडे घरचे फार उशिरा वळतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण मेंदूची इजा हा वेगळा प्रकार नाही. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना चालणं, बोलणं, दृष्टी, वागणूक, स्मृती या प्रत्येक अडचणीचे अहवाल न्या. नाहीतर नुसता हातपाय बघून टक्के ठरतात आणि बऱ्याच सवलतींना लागणारे ४० टक्के भरत नाहीत. सरकारी नोकरी असेल तर याच कायद्याचं कलम २० वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तेव्हा कार्यालयानं पुढे केलेल्या राजीनाम्याच्या कागदावर त्याला एकट्यानं सही करू देऊ नका.