खड्याखाली उरलेली माती

पहिली मोठी सर ओसरली की मी उघड्या रानात उकिडवी बसते आणि खडे शोधते. नाण्याएवढा चपटा खडा असला तर उत्तम. त्याच्याखाली मातीचा बारीकसा खांब उभा असतो. खड्यानं छत्री धरली म्हणून तेवढी माती जागेवर राहिली, भोवतालची गेली. मागच्या पावसात असा एक खांब पट्टीनं मोजला, आठ मिलिमीटर भरला.

अख्ख्या रानातून आठ मिलिमीटर माती गेली असं मी म्हणणार नाही. उडालेली बरीच माती जवळपासच पडते, शिवाय भुसभुशीत रान पावसानं दबतंही. पण एकच मिलिमीटर गेली असं धरा. एका हेक्टरवर एक मिलिमीटरचा थर म्हणजे दहा घनमीटर, वजनात साधारण १३ टन माती. ती जाताना डोळ्याला दिसत नाही. आणि निसर्गात एवढी माती पुन्हा तयार व्हायला कित्येक वर्षं जातात, सेंटीमीटरभर थराला तर शतकं लागतात.

जमिनीची धूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घळ येते. मीही बरीच वर्षं फक्त घळीच बुजवत होते. घळ हा शेवट आहे. सुरुवात थेंबापासून होते. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. असे लाखो थेंब उघड्या ढेकळांवर पडतात. याला उसळी धूप म्हणतात. ती बघायची असेल तर पांढरा रंग दिलेली फळी रानात उभी रोवा. मी दोन रोवल्या होत्या, एक नांगरलेल्या उघड्या जागी आणि दुसरी पालापाचोळा अंथरलेल्या पट्ट्यात. पावसानंतर पहिल्या फळीवर चिखलाचे शिंतोडे पार गुडघ्याच्या उंचीपर्यंत होते. दुसरीवर जेमतेम चार बोटं. पाऊस तोच, उतार तोच, मातीही तीच.

पुढचं सगळं त्या शिंतोड्यांतून सुरू होतं. फुटलेल्या ढेकळांचे बारीक कण जमिनीची भोकं बुजवतात, वर पापडी धरते आणि पाणी आत मुरायचं सोडून उताराला लागतं. आधी ते सगळीकडून पातळसं वाहतं आणि वरची साल काढत जातं, म्हणून तिला सालकाढी धूप म्हणतात. मग ते वाट शोधतं, ओघळ पडतात, ओघळ एकमेकांना मिळतात आणि घळ होते. यात सगळ्यात हलकी आणि मोलाची गोष्ट आधी जाते. कुजलेला सेंद्रिय भाग, चिकणमातीचे बारीक कण आणि त्यांना धरून बसलेली अन्नद्रव्यं वाहून जातात, मागे राहते रेती आणि खडे. ‘रानात दरवर्षी दगड वर येतात’ असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा दगड वर आलेले नसतात, माती खाली गेलेली असते.

माती मुळात किती घट्ट धरून आहे हे बघायला एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या दोन बरण्यांत पाणी घ्या. एकीत बांधावरच्या गवताखालचं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, दुसरीत सतत रोटाव्हेटर, म्हणजे माती भुगा करणारं ट्रॅक्टरचं अवजार, फिरवलेल्या रानातलं. माझ्याकडे दुसरं ढेकूळ दोन मिनिटांत विरघळून बरणीच्या तळाशी चिखल झालं. गवताखालचं संध्याकाळपर्यंत तसंच होतं, त्यातून बारीक मुळ्या लोंबत होत्या. मुळ्या, बुरशीचे धागे आणि सेंद्रिय डिंक कणांना बांधून ठेवतात. आपण माती पिठासारखी करतो तेव्हा ही बांधणीच तोडतो. त्या दिवसापासून रोटाव्हेटर माझ्या रानात फारच क्वचित येतो.

बांधबंदिस्तीचं महत्त्व मी कमी लेखत नाही, पण तिनं मला एक मोठा धडा दिला. उताराच्या मध्यावर मी नजरेच्या अंदाजानं मातीचा बांध घातला होता. अंदाज चुकला आणि एक जागा वीतभर खोल राहिली. जादा पाण्यासाठी सांडवाही ठेवला नव्हता. एका रात्रीच्या पावसात सगळं पाणी त्या खोलगट जागी जमलं, बांध तिथंच फुटला आणि सकाळी खाली कमरेएवढी घळ होती. बांध घातलाच नसता तर एवढं नुकसान झालं नसतं.

आता मी ए-फ्रेम वापरते. दोन सारख्या काठ्या वरून बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी ठोकायची, शेंड्यापासून दोरीला दगड लटकवायचा. दोरी आडव्या पट्टीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं खुंट्या ठोकायच्या, एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. अशा खुंट्यांची ओळ बघितली की ती सरळ नसून वळणं घेत जाते हे कळतं, आणि नजर कुठं फसत होती तेही. या रेषेवरच बांध, या रेषेवरच नांगरट आणि पेरणी. उताराला आडवी प्रत्येक सरी हा एक छोटा बांधच असतो. पाण्याचा वेग निम्मा झाला की त्याची खरवडायची ताकद चौथ्या हिश्शावर येते.

पाणलोटाची कामं करणारे सांगतात की पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, थांबलेलं जिरवा. मी त्याच्याही आधी एक पायरी घालते, थेंबाला जमिनीवर आदळू देऊ नका. काढणीनंतरचा काडीकचरा जाळू नका, तो अंथरा. दोन ओळींत पसरणारं पीक घ्या. बांधावर वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली जातात आणि दाट ठोंब गाळ अडवतो.

उघडी माती वाऱ्यालाही आयतीच सापडते. अमेरिकेच्या मैदानांवरचं गवत नांगरून लोकांनी गहू पेरला, मग १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि माती आकाशात गेली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाला तिथं काळा रविवार म्हणतात. तिथले मृदाशास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट त्याआधी कित्येक वर्षं धुपीबद्दल बजावत होते. मृदसंधारणाचा कायदा झाला तो २७ एप्रिलला, वादळानंतर तेरा दिवसांनी.

माझी ती कमरेएवढी घळ अजून पूर्ण भरलेली नाही. खालून भरायला घेतली होती तेव्हा दर पावसात दगड वाहून गेले. आता माथ्यापासून अनघड दगडांचे बुटके बांध घालत उतरते आहे, प्रत्येकाचा मधला भाग कडांपेक्षा थोडा खाली ठेवून, म्हणजे पाणी कडेनं किनारा कापत नाही. तीन झाले. पहिल्यामागं हातभर गाळ साचलाय आणि त्यात गवत उगवलंय. या आठवड्यात चौथ्यासाठी दगड वेचायचे आहेत.