ज्याला आठवत नाही त्याच्याशी बोलताना

आमच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याला जायचे की नाही, याचा निर्णय मी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत लांबवला होता आणि त्याला कारण एकच वर्गमित्र होता. मी लहानपणी बोलताना अडखळत असे. हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणताना 'ह'वरच जीभ अडायची आणि मागच्या बाकावरचा तो बोटांनी बाकावर ठेका धरून हलक्या आवाजात मोजायचा: एक, दोन, तीन. शब्द सुटायला जितका उशीर होई, तितका वर्ग जास्त हसे. हे एकदोनदा घडलेले नाही. चार वर्षे जवळजवळ रोज चालले.

पहिल्या नंबरासाठी जिच्याशी माझी अटीतटीची चुरस असे, ती वर्गमैत्रीण मेळाव्यात दारातच भेटली आणि अर्ध्या गुणावरून धरलेले अबोले आठवून आम्ही दोघे मनापासून हसलो. ते वैर बरोबरीचे होते, म्हणून त्याचा सल उरला नाही. छळाचे तसे नसते. शाळेतील दादागिरीचा १९७०च्या दशकापासून अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तिच्या व्याख्येत तीन गोष्टी धरल्या: त्रास देण्याचा हेतू, तो पुन्हा पुन्हा देणे आणि दोघांच्या बळातील तफावत. 'मुले भांडतातच' असे म्हणणारे यातली तिसरी गोष्ट नेमकी विसरतात.

इतक्या वर्षांनी ते कशाला उगाळायचे, असेही मला सांगितले गेले. ब्रिटनमध्ये १९५८ सालातील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची पाहणी पुढे अनेक दशके चालू राहिली. त्यांतील ७,७७१ जणांविषयीचा एक अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात वयाच्या पन्नाशीच्या सुमारासही नैराश्याचे प्रमाण अधिक आढळले. हे वाचून मी खिन्न झालो खरा, पण त्याहून अधिक मला धीर आला, कारण न विसरणे हा माझा मनाचा कोतेपणा आहे, असे मी तोवर मानत आलो होतो.

मेळाव्यात प्रत्येकाने माइकवर आपली ओळख करून द्यायची होती. माझी पाळी आली आणि पुढच्याच टेबलावर त्याची बोटे हलताना दिसली. कदाचित ती त्याची नुसती सवय असेल. मला मात्र माझे नाव उच्चारायला पुन्हा तितकाच वेळ लागला. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि बाक, ठेका, आकडे, सगळे सांगितले. आवाज चढू दिला नाही. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "असं मी करायचो?" तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, मला काहीच आठवत नाही रे."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या होत्या, एक स्वतः दुखावले गेल्याची आणि दुसरी स्वतः कुणाला दुखावल्याची. दुखावणाऱ्याच्या लेखी तो प्रसंग केव्हाच मिटलेला असे, तर दुखावलेल्याच्या लेखी त्याचे परिणाम अजून चालूच असत. म्हणूनच, तो आपणहून क्षमा मागेल, या आशेवर कुणी मेळाव्याला जाऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. सांगायचे असेल तर आपणच सांगावे, एकेक तपशील घेऊन. आणि सांगावेसे वाटत नसेल, तर घरी राहण्यात कसलाही पळपुटेपणा नाही.

"कोणता शब्द अडायचा?" त्याने विचारले. मी सांगू लागलो. 'ह' अडला. तो थांबून राहिला. या वेळी त्याची बोटे टेबलावर स्थिर होती.