सायकल आहे, घंटी आहे

दुपारी गच्चीवरचे कपडे काढताना एक मोजा कमी भरला. दोरीवर नुसताच चिमटा. वारा, माकडं, वरच्या मजल्यावरचं कार्टं, सगळे संशयित डोळ्यांपुढून गेले आणि पाठोपाठ तोंडात ‘अर्नॉल्ड लेन’ आलं.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ही पहिली सिंगल, म्हणजे सुटं गाणं, मार्च १९६७ची. दोरीवरचे बायकांचे कपडे चोरून ते घालून आरशासमोर उभा राहणाऱ्या एका गृहस्थावरचं गाणं. रेडिओ लंडननं ते लावायचं नाकारलं. म्हणजे समुद्रात बोट उभी करून परवान्याशिवाय गाणी लावणाऱ्यांनाही सोवळं आठवलं! केंब्रिजमध्ये अशा चोऱ्या खरंच होत होत्या. गाणं लिहिणारा सिड बॅरेट आणि त्याच्याच बँडमधला रॉजर वॉटर्स, दोघांच्याही आयांकडे शिकणाऱ्या मुली भाड्यानं राहायच्या आणि त्यांच्या दोरीवरचे कपडे नाहीसे व्हायचे. एवढ्या भांडवलावर गाणं उभं केलं पठ्ठ्यानं.

मला पिंक फ्लॉइड मिळाले ते आतेभावाच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलातून. सुट्टीला येताना दादाच्या बॅगेत मळके कपडे आणि रेकॉर्ड करून आणलेल्या कॅसेटी असायच्या. आत्या कपड्यांकडे वळायची, आम्ही भावंडं कॅसेटींकडे. आणि मग दादा सत्यनारायणाची पोथी सांगावी तशी सिडची कथा सांगायचा. ‘जून १९७५. अ‍ॅबी रोड स्टुडिओ. एक जाडा, टकलू माणूस येऊन बसतो. भुवयासुद्धा भादरलेल्या. कुणी म्हणजे कुणी ओळखत नाही.’ इथं तो थांबायचा. ‘आणि आत गाणं कुणावरचं चाललेलं असतं?’ आम्ही एका सुरात, ‘सिडवरचं!’

पुढं पुढं मला या कथेचा कंटाळा यायला लागला. एलएसडीची नशा, बिघडलेलं डोकं, स्टेजवर एकच सूर छेडत उभं राहणं, मग जानेवारी १९६८मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघालेल्या गाडीतली ती चर्चा, सिडला घ्यायला जायचं का, जाऊ दे, राहू दे, आणि सिड बँडबाहेर. जो तो याच क्रमानं सांगतो, आणि इतकं चवीनं सांगतो की गाणी ऐकायची राहूनच जातात.

आणि गाणी काय वात्रट आहेत! पहिल्या अल्बमचं नावच केनेथ ग्रॅहम यांच्या लहान मुलांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणावरून उचललेलं. शेजारच्या स्टुडिओत बीटल्स ‘सार्जंट पेपर’ करत होते आणि सिड इकडे बुटका जादूई प्राणी, बुजगावणं, सयामी मांजर आणि गोष्ट वाचून दाखवणारी आई यांच्यात रमलेला. गिटारवर गोल आरसे चिकटवलेले, तारांवरून झिपो लायटर फिरवायचा, सगळा आवाज एको मशीनमधून काढायचा. लोक याला सायकेडेलिक म्हणतात, म्हणजे नशेतल्या भासांसारखं. मला ते दुपारी न झोपणाऱ्या मुलाचे उद्योग वाटतात.

त्या अल्बममधलं शेवटचं गाणं ‘बाइक’. त्या वयात आम्हाला अथपासून इतिपर्यंत समजलेलं एकमेव इंग्रजी गाणं. सायकल आहे, बास्केट आहे, घंटी आहे, तुला देऊनच टाकली असती, पण उसनी आणलीय. मध्येच घर नसलेला एक उंदीर, त्याचं नाव जेराल्ड. का जेराल्ड, ते विचारायचं नाही. मग गाणं संपतं आणि घंटा, घड्याळं, गिअर असा काहीतरी कल्लोळ सुरू होतो, शेवटी बदकं हसल्यासारखा आवाज. स्वयंपाकघरातून आत्या यायची. ‘टेप बिघडला का रे?’

बँडमधल्या अगदी शेवटच्या दिवसांत सिडनं तालमीला एक नवं गाणं आणलं. बाकीचे शिकायला लागले की हा चाल बदलायचा, आणि ध्रुवपदात त्यांनाच विचारायचा, ‘आलं का ध्यानात?’ किती तरी वेळानं बिचाऱ्यांच्या लक्षात आलं की ते कधीच यायचं नाहीये. याला वेड म्हणायचं असेल तर म्हणा.

१९७०मध्ये दोन एकट्याचे अल्बम काढले आणि काही वर्षांत त्याचं गाणं थांबलं ते थांबलंच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनहून केंब्रिजला परतला, तेही म्हणे चालत, ऐंशीएक किलोमीटर. तिथं तो पुन्हा रॉजर झाला, म्हणजे आईबापांनी ठेवलं होतं तेच नाव. बाग करायची, सायकलवरून बाजार आणायचा, चित्र काढायचं, त्याचा फोटो घ्यायचा आणि चित्र जाळून टाकायचं. बँडमध्ये त्याच्या जागी आलेल्या डेव्हिड गिलमूरनं रॉयल्टीचे पैसे त्याला मिळत राहतील एवढं पाहिलं. चाहते मात्र दार ठोठवायचे, कॅमेरेवाले पाळतीवर असायचे. त्यांना सिड हवा होता आणि तो घरात नव्हता. जुलै २००६मध्ये, साठाव्या वर्षी तो गेला. मग घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. सायकलीसुद्धा विकल्या गेल्या. उसन्या नव्हत्या, एवढं नक्की.

बीबीसीनं त्याच्यावर एक माहितीपट केला होता. तो त्यानं बहिणीच्या घरी बसून पाहिला. ती सांगते, तो म्हणाला, गोंगाट जरा जास्त आहे.

आत्याचंही तेच मत होतं.