बारा घरांचा नैवेद्य

बेंदराच्या संध्याकाळी फोन वाजला की मी पोटात नळी घालायचं सामान आधी पिशवीत टाकतो, फोन मग उचलतो. बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा असतो. आमच्या सातारा-सांगलीकडं आषाढातच बेंदूर. आदल्या दिवशी खांदमळणी, म्हणजे बैलांचे खांदे चोळणं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. माणसांनाही आणि बैलांनाही.

मी गुरांचा डॉक्टर, पाटण तालुक्यात. त्या दिवशीचा फोन कोयना खोऱ्यातल्या एका वाडीतून आला. डांबरी संपली तिथं गाडी लावली. पुढं अर्धा तास चढ. न्यायला आलेल्या पोरानं खताच्या गोणीची खोळ पांघरली होती. (इरली आता माळ्यावर गेली, पाऊस मात्र तोच आहे.)

एकाच छपराखाली माणसं आणि गुरं. बैल गव्हाणीपाशी बसलेला, मान कुशीकडं वळवून, दात कराकरा खात. शिंगांचा हिंगूळ घामापावसानं ओघळून डोळ्याखाली आला होता.

"सकाळधरनं रवंथ न्हाई केली," आजी म्हणाली.

डावी कूस दाबून बघितली. एरवी हाताला मळलेल्या कणकेसारखी लागते, आज आत पखालीसारखं डुचमळत होतं. शेण पातळ, आंबट वासाचं, आणि त्यात जोंधळ्याचे अख्खे दाणे.

"घुगऱ्या किती घातल्या?"

"दोन पायल्या. आणि पोळ्या."

"किती पोळ्या?"

आजीनं मालकाकडं बघितलं, मालकानं पोराकडं. मग हळूहळू उलगडलं. बारा घरांची वाडी. कर्ती माणसं मुंबईला, चिखलणीला भाड्यानं पॉवर टिलर येतो. बैलजोडी उरली ती एकच. पण बेंदूर सगळ्यांच्याच घरी, मग पूजा कुणाची करायची? जोडी दारोदार फिरली. प्रत्येक दारात ओवाळणी आणि नैवेद्य. जोडीदार खाण्यात चोखंदळ, त्यानं पोळीला नुसतं तोंड लावलं. याला कुणाला नाही म्हणता आलं नाही.

चाऱ्यावर वाढलेल्या पोटात एवढं पीठ, गूळ नि दाणा पडला की आत आम्ल तयार होतं, पोट थांबतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. नळी घालून पोटातलं पाणी काढलं, पट्टी लावली: सामू (पीएच) ५. तो ६ ते ७ असायला हवा; आकडा उतरला की आम्ल वाढलं. वाट बघण्यात अर्थ नव्हता. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून नळीवाटे सोडला, मानेची शीर धरून सलाईन लावलं. बाटली टांगली वाशाच्या खिळ्याला, घुंगरमाळेशेजारी.

रागावायचं मी चढावरच ठरवलं होतं. पण कुणावर रागावणार? दारात बारा घरच्या बायका उभ्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपलीच पोळी बाधली.

साडेदहाच्या सुमाराला बैलानं ढेकर दिली. आंबट, लांबलचक. आजीनं लगेच पदराखालून पोळी काढली.

"आजी!"

"त्याला न्हाई वो. तुमास्नी." मग तिनं चुलीकडं हाक दिली, "ताटं घ्या गं आता."

तेव्हा कळलं, बैल बसला तेव्हापासून त्या घरात कुणी जेवलं नव्हतं. कटाची आमटी चार वेळा गरम होऊन घट्ट झाली होती. मी तीन पोळ्या खाल्ल्या, एकटक बघणाऱ्या बैलाकडं पाठ करून.

दारावर बांधलेली कर, बेंदराला बैलानं पळत येऊन तोडायचा दोर, तशीच होती. पाचव्या दिवशी पोराचा फोन आला, "तोडली, डाक्टर. चालत चालतच, पण तोडली."