सून गेली, मुलगा राहिला

मुंबईच्या विमानासाठी लंडनच्या हीथ्रोवर चेक-इनच्या काउंटरमागे बसले की दिवसातून दहादा तरी मराठी बोलायला मिळतं. त्या संध्याकाळी समोर आलेल्या नवराबायकोला बोलायची शुद्ध नव्हती. त्याचे वडील मिरजेला आयसीयूत होते. तिकिटं दुपारी काढलेली.

आधी तिनं पासपोर्ट ठेवला. ब्रिटिश, नवा कोरा. सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं. पण त्यावरचा पासपोर्ट नंबर जुना. “ताई, जुना पासपोर्ट घरीच राहिला हो,” ती रडकुंडीला आली होती.

“तो नाही लागत आता.”

२०२१ पासून ती अट गेली. विशीनंतर काढलेलं कार्ड पासपोर्ट बदलला म्हणून नव्यानं काढावं लागत नाही. पन्नाशीनंतर तेवढी एकदा नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा. आमच्यातलेच काहीजण अजून सवयीनं जुना मागतात, ते सोडा. तिचं काम दोन मिनिटांत झालं.

मग त्यानं रबरबँड काढून निळा भारतीय पासपोर्ट पुढे केला. जन्मस्थळ मिरज, मुदत अजून चार वर्षं. मी नंबर टाकत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, “परत येताना ब्रिटिश दाखवला तर चालेल ना? तीन महिन्यांपूर्वीच तिकडचा नागरिक झालो.”

माझी बोटं थांबली.

बोलला नसता तर बोर्डिंग पास हातात पडला असता. हे मला अजून टोचतं.

“दादा, मग हा चालत नाही.”

“मुदत आहे की! कोपरासुद्धा कापलेला नाही.” त्यानं पासपोर्ट उलटसुलट करून दाखवला. रद्द झालेल्या पासपोर्टाचा कोपरा कापतात, ह्याचा खरंच शाबूत होता. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ कोपऱ्याकडे बघत नाही. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यायचा असतो. तो राहून गेला होता, सगळ्यांचा राहतो तसा.

“मला जाऊ द्या, तिकडे बघतो मी,” तो म्हणाला. तिकडेच तर गोची होती. येताना मुंबईला इमिग्रेशनवाला भारतीय पासपोर्टावर ब्रिटनचा व्हिसा मागणार. ब्रिटिश काढला, तर त्यावर भारताचा व्हिसा नाही, आल्याचा शिक्का नाही. ई-व्हिसा चार दिवस आधी भरायचा असतो. लंडनमध्ये आल्डविचला इंडिया हाउसमध्ये, भारताच्या उच्चायुक्तालयात, तातडीचा व्हिसा मागता येतो, पण सकाळी. सुपरवायझरला बोलावलं. त्यानंही मान हलवली. कागद नसलेला माणूस नेला तर दंड कंपनीला बसतो, हे त्यानं सांगितलं. मला ते त्या वेळी सांगावंसं वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, “मीही थांबते.”

“तू जा. कोणीतरी पोचायला हवं.”

मग दोघं तिथेच जमिनीवर बसली. त्यानं आपली बॅग उघडली आणि वडिलांचा नवा स्वेटर, चष्म्याची डबी, डायपरची दोन पाकिटं तिच्या बॅगेत कोंबली. चेन लागेना, तेव्हा गुडघा देऊन लावली.

बॅग पट्ट्यावर ठेवली. काटा २६ किलोवर गेला. हद्द २३ ची. मी टॅग लावला आणि बॅग पुढे ढकलली.