तुम्ही विचारलंत म्हणून: रोजची माळ आणि थ्री फेजची लाईन

परवा तालुक्याच्या मीटिंगमधे परत एका ताईनं विचारलं, आणि आमच्या चर्चमधल्या दोघी-तिघी तर जवळपास दर रविवारी विचारतात, की घरात आठ माणसं, वावर, संत्र्याचा बगीचा, दोन म्हशी, तुम्ही आशा म्हणून गावभर फिरता, लेकरांच्या शाळा, आणि तरी रोज संध्याकाळी रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, आम्ही नुसतं माळ म्हणतो) अन् रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), हे बसवता कसं? म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी एक सांगते, आमचं पण चुकतं. सोयाबीनच्या सोंगणीत तर चुकतंच, आणि नेमका ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यात जास्त माळ म्हणायची त्याच महिन्यात घरात कोणी सरळ उभं राहू शकत नाही इतकं थकलेलं असतं.

मी मूळची नागपूरची. माहेरी चर्च पाच मिनिटावर, रविवारी सकाळची मिस्सा हुकली तर संध्याकाळची असायची. लग्न होऊन अचलपूर तालुक्यात आले तर चर्च बारा किलोमीटर, रविवारी सकाळी एकच मिस्सा, साडेआठची. मी उत्साहानं वहीचं पान फाडून टाईमटेबल केलं, पाच वाजता उठणं, साडेपाचला दूध, संध्याकाळी सातला रोझरी, आठला जेवण, आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. पंधरा दिवससुद्धा टिकलं नाही. कारण काय, तर आमच्याकडे मोटारपंपाची थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा आठ तास असते आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की हे आणि दीर सांजच्याला जेवून टॉर्च घेऊन ओलिताला जाणार, सकाळी येऊन झोपणार. सात वाजता माळ म्हणायला घरात मी, सासू-सासरे आणि पेंगणारी लेकरं. मी चिडायचे, ह्यांच्यावर, लाईनवर, सगळ्यांवर.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काहून वं माय, घड्याळात पाहून म्हशी दूध देतात काय? तू माळ कामाले बांध ना, टायमाले काहून बांधते?"

मला तेव्हा राग आला होता. पण त्यांचंच बरोबर निघालं. त्यांचं सगळं कामाला बांधलेलं आहे. दूत प्रार्थना, म्हणजे देवदूतानं मरियेला दिलेल्या निरोपाची छोटी प्रार्थना, खरं तर सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाची, पण आई, म्हणजे सासूबाई, ती सकाळी म्हशीखाली बसायच्या आधी म्हणतात, दुपारी वावरात भाकर सोडायच्या आधी, आणि सांजच्याला दिवा लावताना. कधी साडेअकरा होतात कधी पाऊण वाजतो, प्रार्थना होतेच, कारण भाकर सोडायची कोणी विसरत नाही. मग आम्ही पण तसंच केलं, वरणाचा कुकर चढला की माळ सुरू. तो दिवसपाळीच्या आठवड्यात साडेसातला चढतो, रातपाळीच्या आठवड्यात साडेपाचला, लेकरांना आता विचारावं लागत नाही, पहिली शिट्टी झाली की धाकटी माळेचा डबा घेऊन येते. पाच दशकं, म्हणजे नमो मरिया ही प्रार्थना दहा-दहा वेळा म्हणायचे पाच भाग, पाच जण वाटून घेतो, वीस मिनिटं लागतात, तोवर वरण शिजून कुकर थंड झालेला असतो. धाकटीला तर वार सुद्धा माळेवरून कळतात, कारण माळ म्हणताना आठवायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, म्हणजे रहस्यं, वारानुसार बदलतात: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि प्रकाशाची आली म्हणजे उद्या बाजार, कारण आमचा बाजार शुक्रवारचा. आई प्रकाशाची रहस्यं मोठेपणी शिकल्या, ती पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मधे आणली ना, अजूनही गुरुवारी तिसरं रहस्य आलं की त्या थोरलीकडे बघतात.

थोरली यंदा दहावीला. तिच्यावरून घरात खरंच वाद झाला. ती म्हणाली मला अभ्यास आहे, आईंना वाटलं आज माळ सोडली उद्या चर्च सोडेल. शेवटी ह्यांनी ठरवलं की तिनं पहिलं दशक सगळ्यांसोबत बसून म्हणायचं आणि उठून जायचं. आईंना आवडलं नाही, अजून आवडत नाही. मला मात्र वाटतं ते बरोबरच केलं, दहा नमो मरिया मन लावून म्हटलेल्या मला चालतात, पुस्तकाकडे डोळे लावून म्हटलेल्या पन्नास नाही.

रविवारचं जास्त सांगायला पाहिजे, कारण तिथे माझ्याकडून चूक झाली. आई कम्युनियनच्या (मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या) आधी मध्यरात्रीपासून काही खात नसत, पाणी पण नाही. त्यांच्या आईकडून आलेलं. पूर्वी तसा नियमच होता, १९५७ मधे तो तीन तासांवर आला आणि १९६४ मधे एक तासावर, पण त्यांच्या घरी जुनाच चालू राहिला. पुढे त्यांना शुगर निघाली. मी गावात घरोघरी सांगत फिरते की शुगरची गोळी घेऊन उपाशी राहू नका, आणि माझ्याच घरात एका रविवारी त्यांनी गोळी घेतली, वर काही खाल्लं नाही, सात वाजता ऑटोत बसलो आणि प्रवचन चालू असताना त्या घामानं भिजल्या, हात थरथरायला लागले. सिस्टरनी साखरपाणी आणून पाजलं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मिस्सा झाल्यावर फादर आमच्याजवळ बसले. म्हणाले, पाणी आणि औषधानं उपवास मोडतच नाही, आणि वय झालेल्यांना, आजाऱ्यांना तर तो एक तासाचा नियमही नाही, त्यांची काळजी घेणाऱ्यांनासुद्धा नाही. हे शेवटचं मला माहीतच नव्हतं. रात्री डिलिव्हरीची केस घेऊन दवाखान्यात जागून मी कितीदा सकाळी चहाचा घोट न घेता मिस्सेला उभी राहिले आहे. आता आई दुधात अर्धी भाकर कुस्करून खाऊनच निघतात. सुरुवातीला खाताना रडल्या होत्या.

आणि रातपाळीच्या आठवड्यात रविवारी पहाटे चिखलानं भरलेले हे घरी आले की त्यांना साडेआठला उभं करायचं, हे मी बंद केलं. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात, आणि परतवाड्याकडे ती मिळते, तर हे आणि दीर शनिवारी तिकडे जाऊन येतात, मग वावरात जातात. आम्ही बाकीचे रविवारी. सगळं घर एका बाकावर पाहिजे असं मला पण वाटतं, ते दिवसपाळीच्या आठवड्यात होतं.

अशा शनिवारी घरातली माळ ह्यांची हुकते असं मी खूप दिवस समजत होते. एकदा मीच जेवणाचा डबा घेऊन बगीच्यात गेले तेव्हा कळलं. संत्र्याच्या एका झाडाचं आळं भरेपर्यंत हे दहा नमो मरिया म्हणतात, हातात फावडं असतं त्यामुळे मणी नाहीत, झाडंच मोजायची. पाच झाडं झाली की एक माळ झाली, मग पाणी सहाव्या झाडाकडे वळवतात.