हळू गाणारी माणसं

रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की मी हल्ली बोसा नोव्हाचे, म्हणजे ब्राझीलमधल्या त्या सांबातून निघालेल्या हळुवार संगीताचे जुने अल्बम लावते, तेही हेडफोनवर, कारण स्पीकरवर लावले तर निम्मी मजा पंख्याच्या आवाजातच जाते. हॉटेलांच्या लॉबीत आणि कॅफेंमधे वाजवून वाजवून हे म्युझिक पार पांचट करून टाकलंय खरं तर, पण मूळ रेकॉर्ड लावा, चीजच वेगळी आहे.

ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तोचा 1959चा पहिला एलपी घ्या, 'शेगा जि सौदाजी'. 12 गाणी, सगळी मिळून 25 मिनिटंसुद्धा नाहीत. गिटारवर त्याचा अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलाचं काम करतो, एकदम सरळ, बाकीची बोटं ठोक्यांच्या मधे मधे कॉर्ड टाकत राहतात आणि ह्या सगळ्याच्या वर तो बिनव्हायब्रेटोचा आवाज, कधी तालाच्या पुढे निघून जातो, कधी मागे रेंगाळतो, आता चुकला असं वाटेपर्यंत बरोबर जागेवर येऊन बसतो. आपल्याकडे लयीशी असं खेळून कोणी समेवर आलं की आपसूक 'क्या बात है' निघतं, इथे दादसुद्धा मोठ्याने द्यायला संकोच वाटतो! असाच सरळ, न थरथरणारा आवाज जॅझमधे हवा असेल तर अमेरिकन ट्रंपेटवादक-गायक चेट बेकरची 1950च्या दशकातली गाणी ऐका, दोघं एकामागोमाग लावून बघाच.

मग अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबरचा 'गेट्झ/जिल्बेर्तो'. न्यूयॉर्कमधे मार्च 1963 मधे रेकॉर्ड झाला, 1964 ला आला आणि 1965 ला ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर. त्यातलं इपानेमाच्या मुलीचं गाणं, 'द गर्ल फ्रॉम इपानेमा', सगळ्यांना माहितीये. पण सिंगल काढताना त्यातला जुआंवचा पोर्तुगीज भाग चक्क कापला, उरली त्याची बायको आस्त्रूद, जी तोवर प्रोफेशनल गायिकाही नव्हती. आणि कव्हरवर बघाल तर नावं गेट्झ, जिल्बेर्तो आणि संगीतकार जोबिमची, जिच्या आवाजावर रेकॉर्ड खपलं तिचं नावच नाही. मला तर तो अन्यायच वाटतो. तिचा आवाज कोरा आहे, बारीक आहे असं नाक मुरडतात काही जण, अहो पण त्या गाण्याला तोच लागतो, तिथे कोणी ताकदीने गायलं असतं तर सगळं मुसळ केरात.

अर्थात ताकद असलेल्यांनी मुद्दाम आवाज आवरला की काय होतं हेही ऐकायचं असेल तर 1974चा 'एलिस ए टॉम', म्हणजे गायिका एलिस रेजिना आणि टॉम, तोच वरचा जोबिम. एलिस म्हणजे स्टेज दणाणून सोडणारी बाई, इथे मात्र जोबिमसमोर एकेक ओळ अशी अलगद टाकते. मार्चच्या पावसाच्या त्या गाण्यात दोघं एकमेकांचे शब्द उचलत उचलत जातात आणि शेवटी शेवटी तिला हसू फुटतं, ते तसंच ठेवलंय रेकॉर्डवर. मी तेवढंच मागे नेऊन परत परत ऐकते, गाण्याइतकंच ते हसूही सुरात आहे.